हेडसेट लावा, पण दुखण्याचं औषधही मागून घ्या

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय 54, राहणार नाशिक. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात दोनदा अंगावरून लाल गेलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर 8 मिलिमीटर आलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून पिशवी आतून बघू आणि तुकडा तपासायला पाठवू. भूल लागणार नाही, ओपीडीतच होईल. मी घाबरले तसं म्हणाले, आमच्याकडे व्हीआर हेडसेट आहे, डोळ्यांवर लावला की समोर समुद्र दिसतो, तुम्हाला कळणारही नाही.

धाकट्या मुलीनंतर तांबी बसवली होती, तेव्हा जीव जातो की काय असं झालं होतं. मी ओरडले तर सिस्टर म्हणाल्या, "दोन पोरं काढलीत, मग आता कसली नाटकं?" तेव्हापासून त्या टेबलावर चढायचं म्हटलं तरी पाय कापतात. त्यात डोळे झाकल्यावर खाली कोण काय करतंय ते कळणार नाही, याची भीती वेगळीच. शिवाय मला घाटात गाडी लागते, त्या यंत्राने मळमळलं तर? बीपीची गोळी चालू आहे, चष्मा आहे. यजमान म्हणतात, एवढी सोय आहे तर कुरकुर कशाला. महिनाभर पुढे ढकललं तर चालेल का?

एक वाचक

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. महिनाभर पुढे ढकलू नका. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून थोडंसं जरी लाल गेलं, तरी त्याचं कारण शोधावंच लागतं. अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींमध्ये कारण साधं निघतं. अस्तर सुकून नाजूक झालेलं असतं, आत लहानसा पॉलिप, म्हणजे अस्तराला फुटलेला कोंब, असतो किंवा हॉर्मोनमुळे अस्तर वाढलेलं असतं. एखादीला अस्तराचा कर्करोग निघतो. तो असा रक्तस्रावाने लवकर लक्षात येतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. तुमच्यासारखं अंगावर जात असताना अस्तर 4 मिलिमीटरपर्यंत असेल तर धोका फारच कमी असतो. तुमचं 8 आहे, म्हणजे डॉक्टरांनी तुकडा तपासायचा सल्ला दिला तो योग्यच आहे.

तपासणी तेवढी लवकर होऊ द्या. ती कशा पद्धतीने करायची, यात मात्र तुमच्या शब्दाला वजन आहे.

तांबीच्या वेळी तुम्हाला जे ऐकवलं गेलं ते चुकीचं होतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी अशीच वाक्यं वर्षानुवर्षं मनात ठेवून येतात, आणि टेबलावर चढायच्या आधीच त्यांच्या मांड्या आखडलेल्या असतात. मूल जन्माला घातलं म्हणजे पिशवीच्या तोंडाला चिमटा लावलेला दुखू नये, असं शरीरशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. आता मोठ्या संस्थाही हे मान्य करू लागल्या आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये आपली मार्गदर्शक सूचना सुधारली. तांबीसारखं साधन बसवण्याआधी प्रत्येक स्त्रीशी वेदनेबद्दल बोलावं आणि वेदना कशी कमी करायची ते तिच्याबरोबर ठरवावं, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या वेळी असं बोलायला कुणी थांबलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता त्या खोलीत नेमकं काय होतं ते सांगते, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची भीती दुप्पट असते. तुम्ही टेबलावर पाठीवर झोपता, पाय आधारावर असतात, अंगावर चादर असते. दुर्बीण साधारण 3 ते 5 मिलिमीटर जाडीची असते. त्यातून सलाइनचं पाणी आत सोडतात, म्हणजे पिशवी थोडी फुगते आणि आतलं दिसतं. त्या फुगण्याने पाळीच्या दिवसांसारखा मुरडा येतो. नंतर बारीक नळीने किंवा चिमट्याने अस्तराचा तुकडा घेतात. तो क्षण सगळ्यात कडक असतो, पण थोडा वेळच टिकतो. सगळं मिळून बहुधा दहा-पंधरा मिनिटं. बऱ्याच ठिकाणी आता दुर्बीण थेट योनिमार्गातून पाण्याच्या जोरावर पुढे नेतात. मग ते चमच्यासारखं धातूचं उपकरण आणि पिशवीच्या तोंडाला लावायचा चिमटा, दोन्ही लागत नाहीत. तुमच्या तांबीच्या आठवणीत बहुधा तो चिमटाच असावा. "डॉक्टर, चिमटा न लावता करता येईल का?" एवढं नक्की विचारा. तुकडा घेताना कधी कधी उपकरण घालावंच लागतं, तेही आधी सांगायला सांगा.

काही जणी हे सगळं किरकोळ मुरड्यावर निभावून नेतात आणि चालत घरी जातात. काही जणींना मात्र फार दुखतं, आणि त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याएवढी कमी नाही. इंग्लंडमध्ये हीच तपासणी वर्षानुवर्षं भूल न देता ओपीडीत होते. तिथल्या बायकांनी आपल्या वेदनेबद्दल एवढा आवाज उठवला की स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2023 मध्ये यावर वेगळा दस्तऐवज काढला. तपासणीआधी वेदनेची खरी कल्पना द्या, भुलीचा पर्याय सांगा, आणि बाई थांबा म्हणाली की थांबा, हा त्याचा गाभा. पाळी गेल्यावर पिशवीचं तोंड आवळलेलं असतं, त्यामुळे तुमच्या वयात त्रास थोडा जास्त होऊ शकतो. आधीचा वाईट अनुभव आणि मनातली भीती यांनीही वेदना वाढते. तुमच्या बाबतीत हे सगळं एकत्र आलं आहे, आणि ते डॉक्टरांना तुमच्या तोंडून कळायला हवं.

म्हणूनच "कळणारही नाही" हे वाक्य मला पटलं नाही. हेडसेट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, तो मला आवडतो. पण त्याच्याकडून केवढी अपेक्षा ठेवायची ते नीट माहीत असावं.

वेदना कमी करायला आभासी जग (व्हीआर म्हणजे हेच) वापरण्याची सुरुवात स्त्रीरोगात झाली नाही, ती भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात झाली. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात यावर काम सुरू केलं आणि पुढे बर्फाळ दरीचं एक आभासी जग तयार करवून घेतलं. जखमेची पट्टी बदलताना होणारी वेदना भयंकर असते. त्या वेळी रुग्ण त्या दरीतून जात, पेंग्विन आणि बर्फाच्या पुतळ्यांवर बर्फाचे गोळे फेकत, आणि त्यांना वेदना कमी जाणवे. मेंदूचं लक्ष मर्यादित असतं. ते डोळ्यांनी आणि कानांनी दुसरीकडे ओढून घेतलं की शरीराकडून येणाऱ्या संदेशाला कमी वाटा मिळतो. लहान बाळाला लस टोचताना आई खुळखुळा वाजवते, त्याच तत्त्वावर हे चालतं. मात्र तिथेही रुग्णांची वेदनाशामक औषधं बंद केली नव्हती. आभासी जग औषधाच्या जोडीला होतं.

तुमच्या तपासणीबद्दलही अभ्यास झाले आहेत. इंग्लंडमधला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बिणीच्या तपासणीला आलेल्या 40 बायका होत्या. निम्म्यांना हेडसेट दिला, निम्म्यांना नाही. हेडसेट लावलेल्या बायकांनी वेदना आणि चिंता दोन्ही कमी नोंदवल्या. पण नंतरच्या काही अभ्यासांत, त्यात इस्रायलमधला एक आहे, तसा फरक दिसला नाही. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही. पिशवी आतून ताणली जाण्याची कळ खोल असते, आणि कुणाचं लक्ष समुद्रात रमतं तर कुणाचं खालीच अडकून राहतं. ज्या बाईला रमायला आवडतं तिला हेडसेटचा चांगला उपयोग होतो. जिला काय चाललंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तिला डोळे झाकणं हीच शिक्षा वाटते.

पत्र वाचून मला वाटतं, तुम्ही दुसऱ्या प्रकारातल्या आहात. खाली कोण काय करतंय ते कळणार नाही, ही भीती तुम्ही दुखण्याच्या भीतीच्या जोडीने लिहिली आहे. ती हसण्यावारी नेऊ नका आणि कुणाला नेऊही देऊ नका. हेडसेट नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्याऐवजी दुर्बिणीचा पडदा बघत राहायचं, डॉक्टरांनी एकेक पायरी सांगत जायचं, किंवा उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरशी गप्पा मारायच्या, यानेही खूप जणींना धीर येतो. शांत स्वरात बोलत राहणारी, हात हातात धरणारी एक बाई त्या खोलीत असली तर केवढा फरक पडतो, ते मी रोज बघते.

तरी आधी एकदा लावून बघा, असं सुचवेन. तपासणीच्या दिवशी थेट टेबलावर नको. आधीच्या भेटीत ओपीडीत बसून आणि मग आडवं पडून पाच मिनिटं लावून द्या म्हणा. गाडी लागणाऱ्या माणसाला हेडसेटमध्ये मळमळू शकतं, तुमची शंका अगदी बरोबर आहे. शरीर स्थिर असताना डोळ्यांना हालचाल दिसली की तसं होतं. म्हणून नावेतून जाण्याची, उडण्याची, जंगलातून पळण्याची दृश्यं तुमच्यासाठी नकोत. आपण एकाच जागी आहोत आणि समोर लाटा येताहेत किंवा वर तारे आहेत, असं स्थिर दृश्य मागा. बसून बघायचं दृश्य आडवं पडल्यावर कधी कधी पायाकडे जातं आणि मान उचलावी लागते, ते सिस्टरना आधी जुळवून घ्यायला सांगा. चष्म्यावर बसतो का, पट्टा अंबाड्यावर टोचतो का, तेही तेव्हाच कळेल. चेहऱ्याला लागणारा भाग पुसलेला असावा किंवा त्यावर नवीन आवरण घातलेलं असावं. फिट येण्याचा त्रास असेल किंवा पेसमेकर बसवला असेल तर हेडसेटआधी डॉक्टरांना सांगावंच लागतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या इतर जणींसाठी सांगून ठेवते.

आवाज एवढाच ठेवा की डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईल. "आता पाणी सोडते", "आता तुकडा घेते", हे तुम्हाला कळलं पाहिजे. आणि एक गोष्ट हेडसेट वापरणाऱ्या दवाखान्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. एरवी सिस्टर बाईच्या चेहऱ्याकडे बघून ओळखतात, कपाळाला आठी पडली, डोळे मिटले, रंग उतरला. हेडसेटखाली अर्धा चेहरा झाकला जातो. तेव्हा दुखतंय हे तुम्हालाच सांगावं लागेल. आधीच खूण ठरवा, उजवा हात वर केला की सगळं जिथल्या तिथे थांबायचं. घाम फुटला, कानात आवाज यायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बोला. पिशवीच्या तोंडाला स्पर्श झाला की काही जणींचा बीपी आणि नाडी एकदम उतरते. ते बहुधा काही मिनिटांत सावरतं, पण तेव्हा हेडसेट आधी काढायचा.

हेडसेट लावला तरी दुखण्याचं औषध मागून घ्याच. साधारणपणे तपासणीच्या तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतात. कोणती, हे तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण बीपी, ॲसिडिटी, दमा, किडनी यांप्रमाणे गोळी बदलते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा. पिशवीच्या तोंडाजवळ लोकल भुलीचं इंजेक्शन देता येतं. ते देताना टोचतं, पण पुढचं सोपं होऊ शकतं. आणि थोड्या वेळाची पूर्ण भूल किंवा गुंगीचं औषध हा पर्यायही आहे. त्यासाठी भूलतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, सहा तास उपाशी पोट, घरी न्यायला माणूस, आणि जास्त खर्च, हे सगळं आलं. ओपीडीत होतंय म्हणजे भूल मागायचीच नाही, असा काही नियम नाही. तुमच्यासारखा अनुभव असलेल्या बाईने ती मागितली तर मी ती मागणी शंभर टक्के रास्त मानेन.

उपाशी राहायचं की नाही, हे मात्र आधी विचारून ठेवा. भुलीशिवाय करायचं असेल तर हलकं काहीतरी खाऊन जाणं चांगलं, रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते. पण "त्रास झाला तर त्याच दिवशी भूल देऊन पूर्ण करू" असं ठरलं असेल तर उपाशीच जावं लागेल. बीपीची गोळी भुलीच्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, तेही विचारा. मनाने बंद करू नका.

खोलीत कोण असणार, हेही विचारा. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. मुलीला किंवा बहिणीला बरोबर ठेवायचं असेल तर तसं सांगा, अनेक दवाखाने ओपीडीतल्या तपासणीला परवानगी देतात. विद्यार्थी बघायला येणार असतील तर तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे. आजकालच्या बऱ्याच हेडसेटना बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात. ते बाहेरची खोली ओळखण्यासाठी असतात, पण काहीही रेकॉर्ड होत नाहीये ना, हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? दुर्बिणीतून दिसणाऱ्या आतल्या भागाचे फोटो मात्र रिपोर्टसाठी ठेवतात, ते तुमच्या उपयोगाचे असतात.

संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. समीरा कोहली यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला होता. त्यांनी तपासणीला संमती दिली होती आणि भुलीत असताना त्यांची गर्भपिशवी, बीजकोश काढून टाकले गेले. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती होत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. तुमच्या कागदावर दुर्बिणीची तपासणी आणि तुकडा घेणं एवढंच असावं. पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढू का, हे डॉक्टर आधी विचारतील, आणि त्याला हो म्हणायला हरकत नाही. पण तुकड्याचा रिपोर्ट यायच्या आधी कुणी "पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल" म्हणालं तर थांबा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा भराभर काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं. पिशवी काढायची गरज कधी कधी खरंच असते, पण ती गरज रिपोर्टने सिद्ध व्हायला हवी.

डॉक्टरांपुढे बसल्यावर शब्द सुचत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून कागदावर लिहूनच न्या आणि तो कागद त्यांच्या हातात द्या: "तांबी बसवताना मला फार दुखलं होतं आणि मला ओरडून गप्प केलं होतं. मी तपासणीला तयार आहे. मला आधी वेदनाशामक हवं, लोकल भूल मिळेल का ते सांगा. हेडसेट आधी लावून बघेन, नाही जमला तर काढेन. मी हात वर केला की थांबायचं. सहन झालं नाही तर भूल देऊन दुसऱ्या दिवशी करू." चांगल्या डॉक्टरांना असा कागद आवडतो, त्यांचं काम सोपं होतं. तुमच्या डॉक्टरांनी हेडसेट घेतलाय, म्हणजे बायकांची भीती त्यांना दिसते आहे, त्यामुळे ते ऐकतील अशी मला आशा आहे. वाचून कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर नाशिकमध्ये दुसरे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. पण ते शोधण्यात आठवड्यापेक्षा जास्त घालवू नका.

तपासणीनंतर दोन-चार दिवस थोडं लाल किंवा गुलाबी जाऊ शकतं, पोटात हलका मुरडा राहू शकतो. ताप आला, घाण वासाचा स्राव सुरू झाला, पोटात कळ वाढत गेली किंवा पॅड भिजून जाईल एवढं अंगावरून गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रिपोर्ट कधी मिळेल आणि तो कोण समजावून सांगणार, हे निघताना विचारून तारीख लिहून घ्या. फोनवर नुसतं "नॉर्मल आहे" ऐकून सोडू नका, कागद हातात घ्या. रिपोर्ट चांगला आला आणि पुढे परत कधी लाल दिसलं, तर पुन्हा दाखवायचं.

राहता राहिले यजमान. त्यांना वाईट हेतू नसणार, दवाखान्यात सोय आहे म्हणजे बायकोला त्रास होणार नाही, अशी त्यांची समजूत झाली आहे. त्यांना तांबीच्या दिवसाची सगळी हकिगत एकदा सांगा, ते सिस्टरचं वाक्यसुद्धा. बहुधा ती त्यांनी कधी ऐकलेलीच नसेल. मग त्यांच्यावर एक काम सोपवा. आज दवाखान्यात फोन करून याच आठवड्यातली भेटीची वेळ घ्यायची, आणि हेडसेट लावून बघायला मिळेल का ते विचारून ठेवायचं.

तुमची,
डॉक्टरताई